चांदणे मोजणारा पिएर बुगे

हिवाळ्याच्या रात्री इंदूरच्या गच्चीवरून दक्षिणेकडे पाहावे, तो अगस्त्याचा तारा नजरेस पडतो. रात्रीच्या ताऱ्यांत तेजाने व्याधाखालोखाल त्याचाच मान. परंतु आपल्याकडे तो क्षितिजापासून पंधरा अंशही वर चढत नाही आणि म्हणून मंदावलेला भासतो. दोष ताऱ्याचा नव्हे, मधल्या हवेचा. ही हवा नेमका किती प्रकाश गिळते, याचा हिशेब प्रथम मांडला तो पिएर बुगे या फ्रेंच गणितज्ञाने.

बुगेचा जन्म १६९८ सालचा, ब्रिटनी प्रांतातील ल क्रोआझिक या बंदरगावचा. वडील तेथे दर्यावर्दी लोकांना नौकानयनाचे गणित शिकवीत. १७१४ साली ते निवर्तले आणि त्यांची जागा या अवघ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाकडे आली.

१७२५ च्या नोव्हेंबरात त्याने चंद्रप्रकाश मोजावयास घेतला. एक उजेड दुसऱ्याच्या किती पट आहे, हे डोळ्यांना सांगता येत नाही. मात्र शेजारी-शेजारी पडलेले दोन उजेड सारखे आहेत की नाहीत, हे ते अचूक ओळखतात. बुगेने नेमके हेच हेरले. चंद्राच्या उजेडाशेजारी चार मेणबत्त्यांचा उजेड पाडून, दोन्ही सारखे दिसेतो तो मेणबत्त्या मागेपुढे सरकवी. चंद्र सुमारे ६६ अंशांवर असता त्या ४१ फुटांवर ठेवाव्या लागल्या. १९ अंशांवर असता ५० फुटांवर. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात उजेड घटतो. म्हणजे वरच्या चंद्राचा प्रकाश खालच्याच्या जवळजवळ दीडपट ठरला.

यातून त्याने नियम बसविला. हवेचा प्रत्येक सारखा थर ठराविक प्रकाश घेत नाही, तर आलेल्या प्रकाशाचा ठराविक हिस्सा घेतो. शंभरातून ऐंशी उरले, तर पुढच्या थरातून साठ नव्हे, चौसष्ट उरतात. डोक्यावरच्या ताऱ्याचा शंभरातला सुमारे ८१ भाग प्रकाश जमिनीवर पोचतो, असे त्याचे गणित निघाले. तिरप्या वाटेने येणाऱ्या आपल्या अगस्त्याचा याच हिशेबाने निम्माही पोचत नाही. हे सारे १७२९ साली एका लहानशा पुस्तकात प्रसिद्ध झाले.

पुढे १७३५ मध्ये पृथ्वीचा आकार ठरविण्यासाठी तो मोहिमेबरोबर पेरूकडे निघाला. कीटोच्या परिसरात थंडीवाऱ्यात वर्षे गेली, सोबत्यांशी बेबनाव झाला, आणि १७४४ साली तो पॅरिसला परतला. प्रकाशाचा मोठा ग्रंथ लिहिता लिहिता ऑगस्ट १७५८ मध्ये त्याचा अंत झाला. ग्रंथ १७६० साली लाकाय या ज्योतिर्विदाने बाहेर काढला.

त्याच वर्षी लँबर्टचा ग्रंथ आला. १८५२ त बेअर या शास्त्रज्ञाने त्यात भर घातली. आज विद्यार्थी हा नियम बहुधा या दोघांच्याच नावाने शिकतात. लँबर्टने तर बुगेचा उल्लेखही केला होता. विसरले ते मागाहूनचे लोक. तथापि वेधशाळेत ताऱ्याचे खरे तेज काढावयाचे, तर आजही तोच तारा वेगवेगळ्या उंचीवर मोजून हवेचा वाटा परत जमेस धरतात. रीत बुगेचीच आहे. मेणबत्त्या तेवढ्या गेल्या.