कर्नल सी. के.

मे महिन्याच्या सुट्टीत मी सुरतेला मामांकडे गेलो होतो. मामा कतारगामला राहतात आणि तिथल्याच एका हिऱ्यांच्या कारखान्यात हिशेब लिहितात. कतारगाममध्ये दर चार घरांआड एक कारखाना आणि त्यात घंटीवर बसून हिरे घासणारी माणसे, बहुतेक सौराष्ट्रातली. रविवारी घंट्या बंद असतात. त्या दिवशी वेड रोडच्या बाजूला मोकळ्या मैदानात कारखान्या-कारखान्यांचे टेनिस चेंडूचे सामने होतात. मामांच्या संघात एक माणूस कमी पडला म्हणून मला घेतले. पहिल्याच रविवारी माझ्या लक्षात आले, की संघातल्या सर्वांत चांगल्या फलंदाजाला कोणी विचारत नाही. कर्णधार शेठचा पुतण्या. शर्ट शेठचे, चेंडू शेठचे, सामन्यानंतरचा नाश्ताही शेठचाच! पुतण्या सलामीला जाई आणि दुसऱ्या षटकापर्यंत परत येई. मला नवव्या क्रमांकावर पाठवले. मी घरी येऊन मामांना सांगितले, की पुढच्या रविवारी मी जाणार नाही.

मामा हसले. त्या रात्री गच्चीवर कारखान्यातले एक सौराष्ट्री काका आले होते. ते अभिमानाने म्हणाले, की इंग्लंडला कसोटी खेळायला गेलेल्या पहिल्या हिंदी संघाचे कर्णधार आमचे पोरबंदरचे महाराज होते. मामांनी मान डोलावली आणि मग विचारले, की त्या कसोटीत नाणेफेकीला कोण गेले होते? काका गप्प झाले. त्यावरून सी. के. नायडूंची गोष्ट निघाली. पुढे मी ती वाचून काढली, तीच इथे देत आहे.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ चा, नागपूरचा. घराणे तेलुगू, पण घडण नागपुरातली. शिक्षणही तिथल्याच हिस्लॉपमध्ये झाले. १९१६ साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांत ते हिंदूंकडून युरोपियनांविरुद्ध उतरले आणि आपले खाते षटकाराने उघडले. १९२३ मध्ये इंदूरच्या होळकरांनी त्यांना बोलावून घेतले व आपल्या फौजेत अधिकारपद दिले. उंच, ताठ, शिस्तीचा हा माणूस पुढे लोकांच्या तोंडी कर्नल सी. के. झाला. १९२६ च्या डिसेंबरात मुंबईच्या जिमखाना मैदानावर गिलिगनच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध त्यांनी १५३ धावा काढल्या, त्यांत ११ षटकार होते. आपले लोक साहेबांच्या तोडीस तोड खेळू शकतात, हे त्या दिवशी हजारोंनी डोळ्यांनी पाहिले.

आता पैशाची गोष्ट. १९२८ साली क्रिकेटचे नियामक मंडळ स्थापन झाले खरे, पण तिजोरीत खडखडाट. दौरा म्हणजे बोटीचे भाडे, हॉटेले, कपडे, महिनोन्‌महिन्यांचा खर्च. हा पैसा संस्थानिकांकडेच होता. पतियाळाच्या महाराजांनी १९३२ च्या दौऱ्यासाठी निवडीचे सामने आपल्या राजधानीत भरवले. ज्याचे पैसे त्याचे कर्णधारपद, असे कुठे लिहिलेले नव्हते. पण तसे घडत गेले. पोरबंदरचे महाराज कर्णधार झाले, लिंबडीचे घनश्यामसिंहजी उपकर्णधार. महाराजांनी त्या दौऱ्यावरच्या प्रथम श्रेणीच्या सामन्यांत सगळ्या मिळून दोन धावा केल्या. त्यांच्याकडच्या रोल्स रॉइस गाड्या धावांपेक्षा जास्त होत्या, अशी थट्टा तेव्हापासून चालत आली आहे. मात्र महाराजांचे एक मानले पाहिजे: आपली पायरी त्यांनी ओळखली. २५ जून १९३२ ला लॉर्ड्‌सवर पहिली कसोटी सुरू झाली, तेव्हा लिंबडीकर जायबंदी होते आणि महाराज स्वतः बाजूला झाले. नाणेफेकीला सी. के. गेले. पहिल्या डावात आपल्याकडून सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच. सामना आपण १५८ धावांनी हरलो. त्या दौऱ्यात सी. के. नी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत १६१८ धावा काढल्या व ६५ बळी घेतले.

१९३६ साली ही पायरी ओळखणारे कोणी नव्हते. विजयनगरमचे महाराजकुमार, म्हणजे विझी, यांनी हॉब्ज आणि सटक्लिफ यांना इंग्लंडहून आणून आपल्या संघातून खेळवले होते. मंडळातली मते कशी जमवावीत हे त्यांना चांगले ठाऊक होते. ते कर्णधार निवडले गेले आणि सी. के. त्यांच्या हाताखाली गेले. संघात दोन तट पडले. लाला अमरनाथांना बेशिस्तीच्या आरोपावरून पहिल्या कसोटीपूर्वीच बोटीत बसवून परत धाडले. जिलानीला शेवटच्या कसोटीत जागा मिळाली ती न्याहारीच्या टेबलावर सी. के. ना टाकून बोलल्याबद्दल, असे बोलले जाते. तीन कसोट्यांत विझींनी ३३ धावा केल्या. दौरा चालू असतानाच त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला!

मी मामांना म्हटले, मग सी. के. गेलेच कशाला? घरी बसायचे होते. मामांनी उत्तर दिले नाही, ओव्हलच्या सामन्याचे सांगितले. तिथे दुसऱ्या डावात गबी ॲलनचा चेंडू सी. के. ना लागला. ते कळवळले, पण मैदान सोडले नाही. त्या डावात ८१ धावा केल्या. त्यांचा तो शेवटचा कसोटी डाव. सात कसोट्या आणि ३५० धावा, एवढाच त्यांचा कसोटीचा हिशेब.

विझींना नावे ठेवणे सोपे आहे. पण सी. के. देखील एका राजाच्याच पैशावर खेळत होते, हे विसरून कसे चालेल? होळकरांनी पैसा दिला, खेळाडू पोसले, आणि संघ सी. के. च्या हाती सोपवला. होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. १९४१ मध्ये एका लिव्हर टॉनिकच्या जाहिरातीत सी. के. झळकले, तेव्हा जाहिरात करणारा पहिला भारतीय क्रिकेटपटू म्हणून त्यांचे नाव झाले. मोटार शर्यतींत आज हेच मोठ्या प्रमाणावर चालते. २००५ साली नारायण कार्तिकेयन जॉर्डन संघाच्या गाडीत बसला, त्यामागे टाटांचे पाठबळ होते. निकी लाउडाने तर बँकेचे कर्ज काढून मार्च संघात जागा मिळवली आणि पुढे तीनदा जगज्जेता झाला. म्हणजे पैसे घेऊन येणारा प्रत्येक जण नालायकच असतो असे नाही. प्रश्न एवढाच, की त्याच्यामुळे बाहेर राहिलेला कोण होता.

सी. के. मात्र खेळतच राहिले. साठी उलटल्यावर १९५६-५७ मध्ये ते उत्तर प्रदेशाकडून रणजी खेळले. १९५६ मध्येच त्यांना पद्मभूषण मिळाले. शेवटचा प्रथम श्रेणीचा सामना १९६३-६४ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. १४ नोव्हेंबर १९६७ ला इंदूरला ते वारले.

पुढच्या रविवारी मी मैदानावर गेलो. शेठचा पुतण्या दुसऱ्या षटकात बाद झाला. मी पुन्हा नवव्या क्रमांकावर, चौदा धावा नाबाद. आम्ही हरलो. नाश्त्याला खमण होते, ते मी खाल्ले.