गाणे कुणासाठी?

‘सुंदर मी होणार’ हे शब्द मला प्रथम भेटले ते पु. ल. देशपांडे यांच्या १९५८ सालच्या नाटकाचे नाव म्हणून. आरशापुढे बसलेल्या एखाद्या मुलीचे ते गाणे असावे, असे मला वाटे. ते नाशिकच्या कवी गोविंदांच्या कवितेतले आणि ती कविता मरणाविषयीची, हे फार उशिरा कळले.

गोविंद त्र्यंबक दरेकर यांचा जन्म १८७४ चा. लहान वयातच त्यांचे पाय गेले. आधी ते लावण्या रचत. १९०० च्या सुमारास सावरकर बंधूंची गाठ पडली आणि लेखणीचा रोखच बदलला. आता गाण्यांत देव आले, शिवराय आले. बोल त्यांच्याविषयीचे, पण ते कुणाला उद्देशून आहेत, हे ऐकणाऱ्याला सांगावे लागत नसे.

सरकारलाही लागले नाही! अशा गाण्यांची पुस्तिका छापल्याबद्दल १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेप, काळे पाणी झाले. अपिलात मराठी जाणणाऱ्या न्यायमूर्तींनी देवांची नावे हा नुसता बहाणा ठरवला. खरे सांगायचे तर अर्थ त्यांनी बरोबरच लावला होता. आपल्या ओळींपायी मित्र अंदमानात, हे ओझे गोविंदांनी कसे वाहिले असेल?

१९२६ मध्ये ते गेले. अखेरच्या दिवसांतल्या त्या कवितेत मरण म्हणजे जुना, जर्जर देह टाकून नवा देह मिळवणे. आयुष्यभर इतरांना उठवणारी गाणी रचणाऱ्या या पांगळ्या माणसाने हे एक गाणे, मला वाटते, स्वतःसाठी लिहिले.