संकरित कापसाचे जनक डॉ. चंद्रकांत पटेल

कपाशीच्या फुलाचे आयुष्य जेमतेम एका दिवसाचे. सकाळी ते फिकट पिवळे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटते आणि पुढे गळून पडते. या थोड्या अवकाशात त्याच्या पोटातील परागांनी आपले कार्य उरकलेले असते. त्या परागांना बाजूस सारून दुसऱ्याच झाडाचे पराग तेथे पोचविणे आणि तेही एखाद्या प्रयोगापुरते नव्हे, तर लक्षावधी फुलांवर, हे काम जगभरातील तज्ज्ञांना व्यवहारात न बसणारे वाटत असे. सुरत येथील कापूस संशोधन केंद्रात ते ज्यांनी व्यवहारात आणून दाखविले, त्या डॉ. चंद्रकांत टी. पटेल यांचे नाव आज शेतीशास्त्राबाहेर फारसे उच्चारले जात नाही.

पटेल यांचा जन्म १९१७ सालचा. त्यांच्या कर्तृत्वाशी कायमचे जोडले गेलेले सुरत शहर कापसाच्या व्यापारात पूर्वीपासून प्रसिद्ध होते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, लँकेशायरच्या गिरण्यांत हिंदुस्थानी कापसाला सरसकट ‘सुरत’ म्हणूनच ओळखत. मात्र तो आखूड धाग्याचा असल्याने तेथील कामगार त्यावर नाखूश असत. फाळणीनंतर लांब धाग्याचा कापूस पिकविणारे सिंध व पश्चिम पंजाबमधील प्रदेश पाकिस्तानात गेले. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या भारतात राहिल्या. चांगल्या कापसासाठी आयातीवर विसंबणे देशाला भाग पडले. अधिक उत्पन्न देणारा आणि धाग्यातही सरस असा वाण हवा होता.

दोन भिन्न वाणांच्या संकरातून जन्मलेली पहिली पिढी दोन्ही पालकांहून जोमदार निघते, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते. मक्यात या तत्त्वाचा लाभ घेणे सोपे, कारण त्याचा नर तुरा झाडाच्या शेंड्यावर वेगळा असतो आणि तो खुडला की काम भागते. ज्वारीत ज्यांचे परागच निकामी असतात असे नर-वंध्य वाण हाती आले होते. त्यांच्या बळावर १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. कपाशीची गोष्ट वेगळी होती. तिच्या फुलात पुंकेसरांची नळी स्त्रीकेसराला वेढून असते आणि तिच्यावर शंभराच्या आसपास परागकोश दाटलेले असतात. फूल उमलताच त्याचेच पराग त्याच्या कुक्षीवर पडतात.

पटेल यांनी या अडचणीवर हातांनी मार्ग काढला. आदल्या सायंकाळी, दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी हेरायची. नखाने तिच्या पाकळ्या व परागकोशांची नळी अलगद सोलून काढायची, मात्र आतील स्त्रीकेसराला इजा होऊ द्यायची नाही. कळी झाकून ठेवायची. सकाळी नर वाणाचे फूल आणून त्याचे पराग कुक्षीवर टेकवायचे आणि खुणेसाठी देठाला दोरा बांधायचा. एका नर फुलात अनेक मादी फुले भागतात. प्रत्येक यशस्वी संकरातून एक बोंड आणि त्यातून थोड्याच सरकीचे बियाणे. शेतमजुरी महाग असलेल्या देशांत हा हिशेब जमणारा नव्हता. गुजरातेत तो जमेल, हे पटेल यांनी ओळखले.

गुजरात-६७ या वाणाचा अमेरिकन नेक्टरीलेस या मधुग्रंथिरहित वाणाशी संकर करून त्यांनी ‘संकर-४’ सिद्ध केला. १९७० साली तो शेतकऱ्यांसाठी प्रसारित झाला. व्यापारी लागवडीसाठी आलेला हा जगातील पहिला संकरित कापूस होय. गुजरातेतून तो महाराष्ट्रात व अन्य राज्यांत पसरला. १९७२ साली धारवाड येथे डॉ. कटरकी यांनी दोन भिन्न प्रजातींच्या संकरातून ‘वरलक्ष्मी’ निर्माण केली आणि लांब धाग्याच्या कापसाची वाट खुली झाली.

पटेल यांनी हातांनी जे साधले, ते निसर्ग काही झाडांत जनुकांद्वारे घडवितो. परागकोशाच्या आत एक पोषक थर असतो. परागकणांना अन्न पुरविणे आणि त्यांचे कणखर कवच घडविणे हे त्याचे काम. यासाठी लागणाऱ्या जनुकात बिघाड झाला, तर पराग अर्ध्या वाटेत खुरटतात. फूल दिसायला धडधाकट, पण पराग वांझ. लागवडीखालील अमेरिकन कपाशीत गुणसूत्रांचे दोन पूर्वजांकडून आलेले दोन संच असल्याने अशी अनेक जनुके जोडीने आढळतात. एक बिघडले तरी दुसरे काम चालवते. म्हणून या प्रकारची वंध्यता दोन्ही जनुके निकामी झाल्यावरच प्रकट होते. अशा नर-वंध्य वाणांचा उपयोग करून पुढे कोइंबतूर आणि अकोला येथेही संकरित कापूस तयार झाला. तरीही बियाण्यांच्या उत्पादनात हातांनी पुंकेसर काढण्याची रीतच प्रामुख्याने टिकून राहिली.

या यशाला दुसरी बाजू होती. संकरित कापसाची सरकी पुन्हा पेरली, तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात. त्यामुळे घरचे बियाणे राखणारा शेतकरी दरवर्षी बाजाराच्या दारी उभा राहू लागला. कळ्या सोलण्याच्या नाजूक कामासाठी बियाण्यांच्या शेतांवर लहान मुली राबविल्या गेल्या आणि बालमजुरीचा हा प्रश्न पुढे देशाबाहेरही गाजला. २००२ साली बीटी कापसाला मान्यता मिळाली, तीही संकरित वाणांच्याच रूपात. कोरडवाहू शेतीला दीर्घ मुदतीचे संकरित वाण मानवतात काय, हा वाद गुलाबी बोंडअळीच्या प्रादुर्भावानंतर आणखी तीव्र झाला.

डॉ. पटेल १९९० साली निवर्तले. त्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिलेले सुरतचे केंद्र १९७२ पासून गुजरात कृषी विद्यापीठाकडे आणि २००४ पासून नवसारी कृषी विद्यापीठाकडे आहे. आज भारतातील कापसाच्या बहुतांश क्षेत्रावर संकरित वाण उभे आहेत. त्यांचे बियाणे पिकविणाऱ्या शेतांत अजूनही सायंकाळी कळ्या सोलल्या जातात आणि सकाळी देठांना दोरे बांधले जातात.