डाळीतलं प्रोटीन आणि कमलाबाई

आमच्या मारेगावकडे तुरीची डाळ रोजचीच. डाळीत प्रोटीन असतं हे शाळेत पाठ केलं होतं. पण ते मोजतात कसं, हा प्रश्न मला बायोटेकच्या लॅबमध्ये जेलवरचे निळे बँड बघेपर्यंत पडलाच नव्हता. शोधता शोधता कमला सोहोनी भेटल्या.

माहेरच्या त्या कमला भागवत, दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. जन्म १९११, इंदूर. वडील आणि काका दोघेही केमिस्ट. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात पहिल्या येऊन त्यांनी बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून नकार दिला. पण कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर एक वर्ष काम बघू, या अटीवर प्रवेश मिळाला.

तिथे श्रीनिवासय्या सरांकडे त्यांनी दूध आणि कडधान्यांवर काम केलं. प्रोटीन मोजायची सोपी रीत म्हणजे नायट्रोजन मोजायचा आणि ६.२५ ने गुणायचं. पण कडधान्यातला सगळा नायट्रोजन प्रोटीनचा नसतोच! प्रोटीन वेगळं काढल्यावर जो उरतो, त्यावरचा त्यांचा पेपर १९३५ मध्ये बायोकेमिकल जर्नलमध्ये छापून आला.

पुढे केंब्रिज. तिथे बटाट्यात त्यांना सायटोक्रोम सी हे श्वसनाचं प्रोटीन सापडलं आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली. परत येऊन कुन्नूर, आणि १९४७ मध्ये लग्नानंतर मुंबईची विज्ञान संस्था. तिथे नीरेवर काम केलं. काही कडधान्यांत पचन अडवणारं प्रोटीन असतं, त्याचाही अभ्यास केला. म्हणजे आकडा मोठा आला तरी ते अंगी लागेलच असं नाही! १९९८ मध्ये त्या गेल्या.

गंमत म्हणजे १९५५ मध्ये स्मिथीज यांनी प्रोटीन वेगळी करायला जेल बनवलं, तेही बटाट्याच्या स्टार्चचं. आज आपण जेलवर जाड बँड दिसला की खूप प्रोटीन असं लिहून मोकळे होतो. पण निळा रंग प्रत्येक प्रोटीनला सारखा चढत नाही, आणि एकाच वजनाची दोन प्रोटीन एकाच बँडमध्ये लपू शकतात. तेव्हा जर्नलमध्ये आकडा लिहिण्याआधी एकदा कमलाबाईंसारखं विचारूया, की मी मोजलं ते नक्की प्रोटीनच ना?