टायपीच्या खोऱ्यांतील खलाशी

हर्मन मेल्व्हिल हें नांव आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ‘मोबी डिक’ ह्या कादंबरीमुळें ठाऊक असेल. ग्रंथकार होण्यापूर्वीं हा गृहस्थ साधा खलाशी होता, व किनाऱ्यावर उतरण्यास मिळालेल्या एका दिवसाच्या रजेनें त्याचें आयुष्य पालटलें. ती हकीगत आम्ही येथें सांगतों.

मेल्व्हिलचा जन्म न्यूयॉर्क येथें १८१९ सालीं झाला. बापाचा व्यापार बुडाला आणि १८३२ मध्यें तो कर्ज मागें ठेवून वारला. मुलानें कारकुनी केली, शिक्षकीही करून पाहिली. पण तींत पोट भरेना. (आमच्या व्यवसायांतील लोकांस ह्यांत नवल वाटणार नाहीं.) अखेर ३ जानेवारी १८४१ रोजीं ‘अकुश्नेट’ ह्या देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावरून तो समुद्रावर निघाला. अशा जहाजांवर ठराविक पगार नसे. सफरीच्या उत्पन्नांत प्रत्येकाचा वांटा असे. मेल्व्हिलचा वांटा १७५ वा होता! अपूर्णांकांचा कंटाळा करणाऱ्यांनीं हें गणित अवश्य करून पाहावें.

दीड वर्ष खारें मांस व वाळकीं बिस्किटें खाऊन खलाशी कंटाळले होते. २३ जून १८४२ रोजीं मार्केसस द्वीपसमूहांतील नूकूहिवा बेटाच्या बंदरांत नांगर पडला. तिन्ही बाजूंस हिरवेगार डोंगर, आणि मध्यें फ्रेंच आरमाराचीं लढाऊ जहाजें! फ्रान्सनें हीं बेटें नुकतींच आपल्या राज्यास जोडिलीं होतीं. ९ जुलै रोजीं मेल्व्हिलच्या तुकडीस किनाऱ्यावर जाण्याची रजा मिळाली. सोबती पावसापासून आडोसा शोधीत असतां तो व त्याचा मित्र टोबी ग्रीन अंगरख्यांत थोडीं बिस्किटें, तंबाखू व कापड दडवून डोंगरांत पसार झाले. उद्देश स्नेहशील हापार लोकांकडे जाण्याचा होता. परंतु वाट चुकून ते उतरले टायपी लोकांच्या खोऱ्यांत, ज्यांस सारे खलाशी नरभक्षक म्हणून भीत.

त्या लोकांनीं त्यांस खाल्लें नाहीं; खाऊं मात्र घातलें. नीरफणसाचा आंबविलेला लगदा, नारळ, मासे. मेल्व्हिलचा पाय सुजून तो पांगळा झाला, तेव्हां एक इसम त्याला पाठुंगळीस घेऊन ओढ्यावर नेई. औषध आणावयास गेलेला टोबी परत आला नाहीं. सुमारें एक महिन्यानें, खलाशांच्या शोधांत असलेल्या ‘ल्यूसी अॅन’ ह्या जहाजावर मेल्व्हिल निसटून गेला. १८४६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘टायपी’ ह्या पुस्तकांत त्यानें ह्या महिन्याचे चार महिने केले, हें विसरतां कामा नये. पुष्कळांस सारी कथाच बनावट वाटली. पण त्याच वर्षीं टोबी जिवंत प्रगट झाला आणि त्यानें साक्ष दिली.

पुढें ताहितीस काम नाकारल्याबद्दल कैद, १८४३ मध्यें होनोलूलूस दुकानांतील कारकुनी, मग अमेरिकन युद्धनौकेवरील चाकरी, आणि १८४४ मध्यें घर. एवढें सांगून आम्ही मुख्य गोष्टीकडे वळतों.

‘टायपी’ मध्यें मेल्व्हिलनें मिशनरी लोकांवर कडक टीका केली. होनोलूलूस गोऱ्या मडमांच्या गाड्या बेटावरील माणसांकडून ओढविल्या जातात, असें त्यानें लिहिलें. अमेरिकेंत ओरड झाली आणि प्रकाशकांनीं त्याच वर्षीं काढलेल्या सुधारलेल्या आवृत्तींतून तीं पानें गाळलीं. मिशनच्या शाळांत शिकलेल्या आम्हांस तीं वाचतांना सुख होत नाहीं. त्याच बेटांवर मिशनऱ्यांनीं तेथील भाषेस लिपि दिली, व १८३१ सालीं लाहायनालूना येथें विद्यालय काढिलें, हेंही खरें. परंतु एका पारड्यांत हें काम घातल्यानें दुसरें पारडें रिकामें होत नाहीं. पानें गाळणें आम्हांस पसंत नाहीं. खलाशांच्या व व्यापाऱ्यांच्या संसर्गानें तेथें जे रोग गेले, त्यांनीं मार्केससची वस्ती इतकी खालावली कीं १९२० च्या सुमारास दोन हजारांच्या आसपासच माणसें उरलीं.

‘मोबी डिक’ १८५१ सालीं निघाली. लेखकाच्या हयातींत तिच्या चार हजार प्रतीही खपल्या नाहींत. कुटुंब पोसण्यासाठीं १८६६ पासून एकोणीस वर्षें मेल्व्हिल न्यूयॉर्क बंदरावर जकात खात्यांत तपासनीस होता. परदेशाहून आलेल्या जहाजांवर चढून माल पाहावयाचा, नोंद करावयाची आणि सायंकाळीं घरीं जावयाचें. २८ सप्टेंबर १८९१ रोजीं तो वारला, तेव्हां वृत्तपत्रांनीं त्याची फारशी दखल घेतली नाहीं.