बाळशास्त्री जांभेकर आणि वृत्तपत्रविद्येचे शिक्षण

वृत्तपत्रविद्या शिकविता येते काय, की ती उपजतच असावी लागते, हा वाद जुना आहे. नांदेड येथे १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थांच्या नावे विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे उपकेंद्र लातुरास आहे, आणि या विद्येचे शिक्षणही त्या विद्यापीठात मिळते. तेव्हा तिचा अभ्यासक्रम कसा असावा, हा प्रश्न आता आपल्या दाराशी आला आहे. आमच्या मते त्याचे उत्तर मराठी वृत्तपत्राच्या जनकाच्या चरित्रातच आहे.

बाळशास्त्री जांभेकर कोकणातील पोंभुर्ले गावचे. घरी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले व पुढे मुंबईस येऊन इंग्रजी आणि गणित यांत प्रावीण्य मिळविले. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा त्यांचे वय विशीच्या आसपास होते आणि मुंबई विद्यापीठाची स्थापना अद्याप पंचवीस वर्षे दूर होती. पत्राच्या एका स्तंभात मराठी व दुसऱ्यात इंग्रजी मजकूर असे. जो मजकूर राज्यकर्ते व प्रजा या दोघांनाही वाचावयाचा आहे, त्यात शब्दाची लबाडी चालत नाही. प्रथम पाक्षिक असलेले हे पत्र चार महिन्यांतच साप्ताहिक झाले व १८४० पर्यंत चालले. त्याच साली त्यांनी ‘दिग्दर्शन’ मासिक काढून भूगोल, इतिहास व शास्त्रे यांचे ज्ञान मराठीत आणले.

संपादकत्वाबरोबरच ते एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापन करीत. १८४३ साली श्रीपत शेषाद्री या मुलास जातीत परत घेण्याचा प्रश्न उपस्थित झाला, तेव्हा लोकक्षोभ पत्करून ते त्या मुलाच्या बाजूस उभे राहिले. १८४५ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची शिळाछापाची प्रत सिद्ध केली. शिक्षक तयार करण्याच्या वर्गाची धुराही त्याच सुमारास त्यांच्याकडे आली. मे १८४६ मध्ये हा पुरुष अकाली निवर्तला.

येथे कोणी म्हणेल, बाळशास्त्री कोणत्या अभ्यासक्रमात शिकले होते? परंतु हा आक्षेप त्यांच्यावरच उलटतो. बाळशास्त्र्यांपाशी भाषा, गणित, इतिहास यांची भक्कम शिदोरी होती, आणि शिकविणाऱ्यासही आधी शिकविले पाहिजे हे त्या वर्गाच्या कामातून त्यांस ठाऊक होते. शिदोरीवाचून केवळ लेखणी हाती देणे म्हणजे तराजूवाचून अडतीवर बसविणे होय.

लातूरच्या अडतीवरील व्यापाऱ्यांस हे सांगावयास नको. तुरीचा भाव चुकीचा छापला, तर शेतकरी व खरेदीदार या दोघांचेही नुकसान होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस भूकंप झाला, तेव्हा आप्तांची खबर मिळविण्यास प्रांत तळमळत होता. अशा प्रसंगी मृतांचा एक खोटा आकडा दुःखावर डागणी देतो. २०१६ साली मिरजेहून आगगाडीने लातुरास पाणी आणावे लागले. ती गाडी आली, ही बातमी झाली. परंतु पाणी का आटले, हे शोधण्यास पर्जन्याचे, धरणाचे व पिकाचे ज्ञान हवे.

म्हणून आमचे सांगणे इतकेच : विद्यार्थ्यास प्रथम मराठी शुद्ध लिहिता यावे व एखादी अन्य भाषा उत्तम यावी. अर्धा वेळ त्याने कचेरी, न्यायालय, अडत व खेडे येथे बातमी मिळविण्यात घालवावा. ऐकीव गोष्ट व प्रत्यक्ष पुरावा यांतील जो भेद न्यायालयात पहिल्या दिवशी शिकावा लागतो, तोच त्यासही शिकवावा. आणि त्याने लिहिलेली प्रत्येक ओळ जाणत्या संपादकाने तपासून परत द्यावी. यंत्रे दर पाच वर्षांनी बदलतात. खरे-खोटे पारखण्याची सवय मात्र जन्मभर पुरते. आरसा मळका असेल, तर चेहरा कितीही धुतला तरी तो स्वच्छ दिसत नाही. बाळशास्त्र्यांनी आपल्या पत्राचे नाव ‘दर्पण’ ठेवले, ते अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी ध्यानी ठेवावे.