कोर्लई गेली, पण नगरचा तट चांदबीबींनी राखला

सोलापुरात सिद्धेश्वर तलावाशेजारच्या भुईकोट किल्ल्याजवळून आपण रोज ये-जा करतो. पण हा किल्ला एका नवरीसोबत जहेजमध्ये दिला गेला होता, हे आपल्या घरात किती जणांना ठाऊक आहे? ती नवरी म्हणजे चांदबीबी, अहमदनगरच्या हुसेन निजामशहांची मुलगी. विजापूरच्या अली आदिलशहांशी त्यांचा निकाह झाला तो तालिकोटच्या लढाईआधी. सोलापूरसाठीच तर ही दोन घराणी वर्षानुवर्षं भांडत होती!

दोघांचंही समान दुखणं होतं ते समुद्राचं. गोवा आणि चौल पोर्तुगिजांकडे. हजच्या जहाजांनासुद्धा त्यांचा परवाना लागे. 1570-71 मध्ये चांदबीबींच्या शोहरने गोव्याला आणि भाऊ मुर्तजाने चौलला वेढा घातला. दोन्ही फसले. पुढे दुसरा भाऊ बुऱ्हाण याने चौलसमोर, कुंडलिका नदीच्या मुखाशी, कोर्लईच्या डोंगरावर तटबंदी उभारली आणि तोफा पोर्तुगिजांवर रोखल्या. 1594 मध्ये तीही पोर्तुगिजांनी जिंकली. (कोर्लई गावात आजही पोर्तुगीज वळणाची बोली ऐकू येते.) निजामशाहीची मोठी फौज तिथे कामी आली. वर्षभरात बुऱ्हाण वारला, गादीसाठी अमीर आपसात भिडले आणि एका गटाने चक्क मुघलांनाच बोलावून घेतलं.

तोवर चांदबीबींनी बरंच सोसलं होतं. 1580 मध्ये शोहरचा खून झाला. त्यांनी नऊ वर्षांच्या इब्राहिम आदिलशहाला सांभाळलं, दरबारी कारस्थानात साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदही भोगली. शेवटी माहेरी परतल्या.

डिसेंबर 1595 मध्ये शहजादा मुरादची फौज नगरला भिडली. किल्ल्याखाली सुरुंग पेरले गेले. आतल्यांनी काही शोधून निकामी केले, पण एक उडालाच आणि तटाला मोठं भगदाड पडलं. सरदार पळायच्या बेतात असताना चांदबीबी बुरखा घालून, हातात तलवार घेऊन त्या भगदाडात उभ्या राहिल्या. दिवसभर हल्ले परतवले आणि रातोरात भिंत पुन्हा चढवली. चांदीची नाणी तोफेत भरल्याची गोष्ट आम्हीही लहानपणी ऐकली आहे; पण आम्हाला मोठी वाटते ती एका रात्रीत बांधलेली भिंत. 1596 मध्ये तह झाला. वऱ्हाड गेलं, नगर वाचलं.

1600 मध्ये मुघल पुन्हा आले. या वेळी लढून किल्ला टिकणार नाही, हे चांदबीबींनी ओळखलं. लहानग्या बहादूरशहाचा, म्हणजे भावाच्या नातवाचा, जीव वाचवून किल्ला सोडावा असं त्यांचं मत पडलं. त्यांनी विहिरीत उडी घेतली असं लोक सांगतात. पण त्याच काळात विजापूरला असलेला इतिहासकार फरिश्ता वेगळंच लिहितो: फितुरीचा आळ घेऊन त्यांच्याच माणसांनी महालात घुसून त्यांना मारलं. थोड्याच दिवसांत किल्ला पडला आणि बहादूरशहाची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली.